जवारीची मजुरी

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन वस्तूला मिळतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वस्तूपलीकडचं जे मिळतं, त्याला कुठलंच प्रमाणपत्र नाही. तिथला कारागीर तंबोऱ्याची जवारी एका गळ्यासाठी काढून देतो आणि त्याची मजुरी देताना आपण घासाघीस करतो. आजची तक्रार तेवढीच.

गाणाऱ्यांना जवारी सांगायला नको, इतरांसाठी थोडक्यात. तारा ज्या घोडीवरून जातात तिच्या माथ्याला अगदी किंचित उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि सुरामागे गुंजणारी आस उभी राहते. वापरून वापरून घोडीवर चरे पडतात, आवाज बसतो. मग तारा उतरवा, घोडी कानशीने घासा, तारा चढवा, सुरात लावा, ऐका. नाही जमलं? पुन्हा उतरवा. शेवटी तारांखालचे दोरे किंचित पुढेमागे सरकवत बसा. हाताचा दाब जरा चुकला तर सगळं पहिल्यापासून. इथे मापाची पट्टी चालत नाही, कान चालतो. शिवाय काळी पाचात गाणारीला आणि काळी एकात गाणाऱ्याला तारा वेगवेगळ्या जाडीच्या लागतात, म्हणजे आधी गाणारा कळायला हवा.

भाचीचा तंबोरा घेऊन मध्यंतरी सतारमेकर गल्लीत गेलो होतो. गवसणी काढण्याआधीच प्रश्न आला, ‘‘ताई, पट्टी कुठली?’’ तिने सांगितली. ‘‘जरा गाऊन दाखवा.’’ ती गायली. म्हातारबाबांनी मान हलवली, ‘‘आज आवाज बसलाय तुमचा. परवा या.’’ गिऱ्हाईक दारात उभं असताना त्याला परत पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. परवा गेलो तर दुपार गेली. नवा तंबोरा घ्यावा का, असं मी विचारलं. ‘‘कशाला? भोपळा चांगला मुरलाय याचा.’’ हातची विक्री सोडून त्यांनी घोडीवर कानस धरली.

शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावण्याचं काम सोडून एकोणिसाव्या शतकात इथे वाद्यं घडवायला घेतली. पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. तंबोरा जुळवण्यात त्यांचा कान किती काटेकोर होता, हे आजही गवई सांगतात. असं गिऱ्हाईक शेजारी असल्यावर कारागिराचा कान तयार झाला नाही तरच नवल! आता मोबाइलमधला तंबोरा फुकट वाजतो, रियाजाला सोयीचाही आहे. त्याला नावं ठेवणार नाही. पण आज तुमचा आवाज बसलाय, हे तो सांगत नाही.

इतकं करून मजुरी सांगितली, तर ‘नुसतं घासायचे एवढे?’ हे वाक्य त्याच गल्लीत, माझ्यासमोर एका सुशिक्षित गृहस्थांनी उच्चारलं. मैफलीच्या तिकिटावर घासाघीस न करणारे हेच लोक. कारागिरांची मुलं दुसरीकडे नोकरी शोधू लागली की मग परंपरेवर परिसंवाद भरवणारेही बहुधा हेच असतील.

कौतुक करायचं असेल तर सांगितली ती मजुरी तिथल्या तिथे द्या, आणि पुढच्या मैफलीत तंबोऱ्याचं कौतुक झालं की जवारी कोणी काढली त्याचं नाव व्यासपीठावरून घ्या.