चार प्याल्यांचा हिशेब



या सदरातून आम्ही बहुधा सणवार, रूढी आणि जुन्या आठवणी यांविषयी लिहितो. आज मात्र आपल्या घरांत जो विषय मोठ्याने बोलला जात नाही, त्यावर लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. तो विषय मद्याचा. आणि विशेषेकरून ज्या उत्सवांत लोक निरनिराळ्या मद्यांची चव घेण्यासाठी जमतात, तेथे आपण व आपल्या मुलांनी कसे वागावे, हा.

यास कारण असे घडले. आमच्या नात्यातील एक तरुण काही वर्षांपूर्वी अशाच एका उत्सवास गेला होता. "चाखण्यापुरतेच" असे म्हणत त्याने किती इवले पेले रिते केले, याची त्यालाही गणती राहिली नाही. परतताना गाडी त्यानेच चालविली. प्राण वाचले, परंतु आजही तो काठी घेऊन चालतो. त्याची आई एकदा आम्हांस म्हणाली, "दादा, आम्ही त्याला पोहायला शिकवलं, रस्ता ओलांडायला शिकवलं. हे मात्र कुणीच शिकवलं नाही." त्या माउलीचे हे शब्द आमच्या मनातून अद्याप गेलेले नाहीत.

पुढे आम्हांस जर्मनीतील गार्चिंग या गावी जाण्याचा योग आला. म्युनिकच्या उत्तरेस, इसार नदीच्या जवळ हे गाव वसलेले आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर, माक्स प्लांक संस्था आणि युरोपीय दक्षिण वेधशाळेचे मुख्यालय येथे असल्याने देशोदेशींचे संशोधक येथे राहतात. आमचा भाचा त्यांतलाच एक. 1972 सालापासून म्युनिकचे नाव ऐकताच आपल्या मनात जी कळ उठते, ती आमच्याही मनात होती. तथापि भाच्याचा आग्रह मोडवेना. सप्टेंबर सरत आला होता आणि म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट भरला होता. बव्हेरियाचा युवराज लुडविग व राजकन्या तेरेझा यांच्या 1810 सालच्या विवाहापासून चालत आलेला हा उत्सव आज जगातील सर्वांत मोठ्या बीअर उत्सवांपैकी एक गणला जातो.

निघण्यापूर्वी भाच्याने आम्हांस जेवणाच्या टेबलाशी बसविले. म्हणाला, "मामा, किती घ्यायची ते आपण इथंच ठरवू. एकदा तंबूत शिरलं की तुम्ही-मी ठरवत नाही, तिथला बँड ठरवतो." मग त्याने कागद घेतला. त्या तंबूंत बीअर ज्या दांड्याच्या पेल्यातून मिळते, त्यास 'मास' म्हणतात. तो पेला एक लिटरचा. उत्सवासाठी खास केलेल्या बीअरमध्ये अल्कोहोल साधारण 6 टक्के असते. म्हणजे एका मासात सुमारे 47 ग्रॅम. आपल्या मुंबईच्या हिशेबाने 60 मिलिलिटर व्हिस्कीच्या मोठ्या पेगात ते सुमारे 20 ग्रॅम भरते. तेव्हा एक मास म्हणजे दोन मोठे पेग आणि वर आणखी थोडे! आपले यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकालात काढते. एका मासाचा निचरा होण्यास पाच ते सात तास लागतात. काळी कॉफी, लिंबूपाणी वा थंड पाण्याची आंघोळ यांनी त्यातला एक तासही कमी होत नाही.

हा हिशेब पाहून आम्ही चकित झालो. 'बीअर म्हणजे दारू नव्हेच' असे म्हणणारे कितीतरी सज्जन आम्हांस ठाऊक आहेत!

आम्ही घरून पोटभर पोळीभाजी खाऊन निघालो, कारण भरल्या पोटी मद्य रक्तात सावकाश उतरते. गाडी घरीच ठेवली. गार्चिंगहून यू-6 ही भुयारी रेल्वे गोएथेप्लात्झ स्थानकापर्यंत थेट जाते आणि तेथून उत्सवाचे मैदान पायी गाठता येते. दोघांत एकच मास घेतला, मध्ये पाणी मागविले, खारी ब्रेत्सेल खाल्ली, वाद्यवृंद ऐकला, आणि दिवस मावळण्यापूर्वी परतलो. लोक बाकांवर उभे राहून गात होते. आम्हीही टाळ्या वाजविल्या. आनंदात काडीचेही न्यून आले नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

याच मैदानावर 2022 साली प्रथमोपचार केंद्रात डोक्याच्या दुखापती तपासण्यासाठी सी.टी. स्कॅनचे यंत्र आणून ठेवावे लागले, यावरून काय ते समजावे. जर्मनीत रक्तातील अल्कोहोल दर हजारी 0.5 झाले की वाहन चालविणे दंडनीय ठरते आणि विजेच्या स्कूटरलाही हाच नियम लागू आहे. नवशिक्या तसेच 21 वर्षांखालील चालकांस तर थेंबभरही मुभा नाही. आपल्या इस्रायलमध्ये श्वासाच्या एका लिटरमागे 240 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. नव्या आणि 24 वर्षांखालील चालकांसाठी ती अवघी 50 आहे. 70 किलो वजनाचा धडधाकट पुरुषही एका मासाने जर्मनीतील मर्यादा ओलांडू शकतो. स्त्रियांच्या बाबतीत तर प्रमाण त्याहूनही लवकर चढते.

आता लहान पेल्यांविषयी. येरुशलेमच्या इस्रायल म्युझियममधील उन्हाळी वाइन उत्सव असो वा नाशिकला 2008 साली सुरू झालेला सुलाफेस्ट असो, चवीचा पेला लहान असतो आणि तेथेच मन फसते. 50 मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे 5 ग्रॅम अल्कोहोल असते. असे दहा घोटभर पेले झाले की पूर्ण एक मास पोटात गेला! गार्चिंगपासून जवळच फ्रायझिंग येथे वायहेनस्टेफान ही 1040 सालापासूनची परंपरा सांगणारी बीअरशाळा आहे. तिची 'विटुस' नावाची गव्हाची बीअर जिभेला हलकी लागते, पण ती 7.7 टक्क्यांची आहे. जीभ चव मोजते. मात्रा मोजणे तिचे काम नव्हे. म्हणूनच वाइनचे व्यावसायिक पारखी घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. त्यात कमीपणा मुळीच नाही.

परतीच्या गाडीत आम्हांस पेसाहची रात्र आठवली. त्या रात्री चार प्याले सांगितले आहेत. ते किती, हे कोणी बसल्या जागी ठरवीत नाही. ते आधीच ठरलेले असते. एका प्याल्यापासून दुसऱ्यापर्यंत कथा आहे, मुलांचे प्रश्न आहेत, जेवण आहे, गाणी आहेत. सर्व कुटुंब एकत्र असते आणि सर्वांत लहान मूलही पाहत असते. 'सेदेर' या शब्दाचा अर्थच मुळी क्रम, व्यवस्था. आणि कोकणात आपल्या वाडवडिलांस द्राक्षारस मिळेना, तेव्हा त्यांनी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्या सरबतावर किद्दुश केला. आपला शब्बाथ त्याने उणा झाला नाही. तेव्हा ज्यास घ्यावयाची नाही, त्याने सरबताचा पेला ताठ मानेने उचलावा आणि इतरांनी त्यास आग्रह करू नये.

वाचकहो, तंबूतील संयमाची सुरुवात घरातच होते. उत्सवास जाणाऱ्या मुलास 'जाऊ नको' एवढेच म्हणण्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून आकडा ठरवावा, परतीची गाडी ठरवावी, आणि सोबत्यांपैकी एकाने अजिबात न घेण्याचे ठरवावे. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे, कारण मद्याने रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. झोपेच्या गोळ्यांबरोबर मद्य घेऊच नये, आणि गर्भवती भगिनींनी ते पूर्णपणे टाळावे. आपला पेला नजरेआड सोडू नये. कोणी बेशुद्ध पडलाच, तर 'झोपू द्या, उतरेल' असे म्हणून त्यास एकटे टाकू नये. कुशीवर वळवावे, श्वासाकडे लक्ष ठेवावे आणि तत्काळ मदत बोलवावी. इस्रायलमध्ये 101, जर्मनीत 112 आणि महाराष्ट्रात 108 हे क्रमांक मुलांच्या तोंडी असावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, "रात्री कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन, रागावणे उद्या," हे मुलास आधी सांगून ठेवावे.

काठी घेऊन चालणाऱ्या त्या तरुणास असे कोणी सांगितले असते, तर त्याने फोन केला असता का? आम्हांस वाटते, केला असता.

पेला उचलताना आपण 'लेखायिम' म्हणतो, म्हणजे 'जीवनासाठी'. तो शब्द उच्चारणारा प्रत्येक जण त्या रात्री सुखरूप घरी यावा, एवढीच प्रार्थना.