बॅटरी बदलण्याआधी

तलाठी, ग्रामसेवक मंडळींनो, लॅपटॉपात विंडोज नव्याने टाकली, की तीन तास चालणारी बॅटरी कधी कधी तासाभरात मान टाकते. त्यात वीज गेलेली, अन् उताऱ्यासाठी आलेला शेतकरी ओट्यावर ताटकळत! दुकानदार सांगतो, 'बॅटरी गेली.' लगेच पैसे मोजू नका. पहिले एक-दोन दिवस अपडेट आतल्या आत चालू असतात. चार्जर लावून ते उरकू द्या. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचे चिपसेट व ग्राफिक्सचे ड्रायव्हर टाका, वीजबचतीची सेटिंग पाहा. तरी फरक नाही? कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' द्या. बॅटरीची मूळ व आजची क्षमता अहवालात दिसते. ती निम्म्यावर आली असेल, तरच नवी घ्या. माती तपासल्याशिवाय खत टाकू नये, तसेच हे.