शहाण्यानेच कोर्टाची पायरी चढावी!

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या समाजाच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. वडीलधारी मंडळी ती उपदेश म्हणून ऐकवतात. परंतु या म्हणीचा लाभ आजवर कोणाच्या पदरात पडला, याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. अन्याय सोसणाऱ्याला तिने एक गुंठाही परत मिळवून दिला नाही. अन्याय करणारा मात्र तिच्याच आडोशाला निर्धास्त झोपत आला.

उमरग्यासारख्या सीमेवरच्या, पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या तालुक्यात अन्याय अनेकदा कागदाच्या रूपाने घरात शिरतो. पेरणीला किंवा मुलीच्या लग्नाला पैसा हवा असतो आणि बँक दारात उभे करीत नाही. परवाना नसलेला सावकार रक्कम देतो; पण गहाणखत न करता थेट खरेदीखतच करून घेतो. 'पैसे फिटले की जमीन परत फिरवून देतो' हा शब्द मात्र तोंडी! पैसे फिटतात, जमीन फिरत नाही. पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' असे ऐकावे लागते, तर गावचे पुढारी 'मिटवून घ्या' म्हणतात. या मिटवामिटवीत वर्षे निघून जातात आणि सावकाराला नेमके तेच हवे असते.

कारण कायदा दिवस मोजत असतो. १९६३च्या मुदत कायद्यानुसार उसने दिलेले पैसे वसूल करण्यास तीन वर्षे, आणि खरेदीखत रद्द करून घेण्यास खरी वस्तुस्थिती कळल्यापासून तीनच वर्षे मिळतात. तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखलही न्यायालय सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आतच घेते. सावकारीच्या पाशात सापडलेल्यांसाठी मात्र महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ने मोठे दार उघडले आहे. त्याच्या कलम १८ नुसार, सावकारीच्या व्यवहारात गेल्या १५ वर्षांत बळकावलेली स्थावर मालमत्ता चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे दार उघडे आहे, याची वार्ता किती घरांत पोहोचली?

पोलिसांच्या नकारालाही उत्तर आहे. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर त्याची नोंद करणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. ठाण्यात दाद न मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार आणि तेथेही नकार मिळाल्यास न्यायदंडाधिकारी, हा मार्ग १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

पण सत्ताच आड आली तर? याचेही उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे. खामगावच्या काँग्रेस आमदाराच्या सावकार कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा २००६ मध्ये, आपल्या शेजारच्या लातूरचे असलेले तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून त्या तक्रारींना फाटे फोडणारी सूचना गेली. एक शेतकरी उच्च न्यायालयात गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. उच्च न्यायालयाने राज्य शासनावर बसवलेला २५ हजारांचा खर्च सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१० रोजी दहा लाखांवर नेला आणि ती रक्कम गरीब शेतकऱ्यांच्या न्यायासाठी राखून ठेवण्यास सांगितले. पैसा अर्थात सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्याच खिशातून गेला! तरीही एका सामान्य शेतकऱ्याने कोर्टाची पायरी चढल्यामुळे मुख्यमंत्रिपदालाही उत्तर द्यावे लागले, हे सत्य उरतेच. 'शहाण्यांचा' सल्ला त्याने ऐकला असता तर?

आपल्या प्राचीन स्मृतींत अन्यायाखेरीज काहीच नाही, असे सांगत फिरणाऱ्या तथाकथित पुरोगाम्यांनी 'दामदुप्पट' हा शब्दही आठवावा. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, ही मर्यादा आपल्या धर्मशास्त्राने घातली आणि आजच्या सावकारी कायद्यानेही तीच स्वीकारली आहे. मात्र त्याचबरोबर आपणही आरशात पाहिले पाहिजे. बळीराजाची जमीन गिळणारा सावकार पुष्कळदा आपल्यातलाच असतो. तो देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी देतो, उत्सवात पहिल्या रांगेत बसतो आणि आपण त्याच्या गळ्यात हार घालतो. समाजाला कुटुंब मानणाऱ्यांनी कुटुंबातल्या चोराला पाठीशी घालावे, हे कोणत्या धर्मात बसते?

१७ सप्टेंबर १९४८ पूर्वी या भूमीवर निजामाची सत्ता होती. दाद मागावी तर ती कोणाकडे, हाच प्रश्न होता. आज तालुक्याला न्यायालय आहे, सहकार खात्याचे सहायक निबंधक आहेत, तालुका विधी सेवा समिती आहे. उणीव आहे ती नाडलेल्या माणसाबरोबर चालणाऱ्या सोबत्याची. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील अशा एका तरी कुटुंबाचे खरेदीखत, सातबारा, पैसे दिल्याच्या नोंदी आणि साक्षीदार एकत्र करावेत, मुदत तपासावी आणि त्याच्यासह ती पायरी चढावी. अन्याय मुकाट्याने गिळणे म्हणजे क्षमा नव्हे. क्षमा करण्याचा अधिकार, दाद मागण्याचे सामर्थ्य असलेल्यालाच शोभतो.