आधी वरच्याने

संस्थेत नवी पद्धत आणायची म्हटलं की पहिलं परिपत्रक निघतं ते खालच्यांसाठी. हजेरी अशी लावा, नोंदवही तशी ठेवा. वरच्यांच्या खुर्चीला धक्का लागत नाही आणि थोड्याच दिवसांत मागील पानावरून पुढे सुरू होतं. या अंकाची जुळवाजुळव करताना औंध संस्थान सारखं आठवत राहिलं, कारण तिथे नेमकं उलटं घडलं.

मुख्यतः आजच्या सातारा-सांगलीत विखुरलेलं ते छोटं संस्थान. जानेवारी १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःची सत्ता सोडून कारभार प्रजेच्या हाती दिला. घटनेसाठी गांधीजींचा सल्ला घेतला होता. राबत होते पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत. पाया गावपंचायतीचा, त्यावर तालुका, मग विधिमंडळ.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. तुरुंगच, पण भिंतीवाचून. शिक्षा भोगणाऱ्याने बायकामुलांसह राहायचं, जमीन कसायची. ज्याच्या हातून खून झाला, त्याच्या हाती विळा द्यायचा आणि भोवती कुंपणही घालायचं नाही! एवढी जोखीम आज कोणता व्यवस्थापक घेईल? व्ही. शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट ‘दो आँखें बारह हाथ’ याच वसाहतीवरून सुचला. कथा शेजारच्या शेटफळेच्या गदिमांची.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, पंचायतींचा तो प्रयोगही थांबला. स्वतंत्रपूर मात्र टिकलं. औंध, कुंडल, आटपाडी भागातल्या कोणाच्या घरी त्या पंचायतींची दप्तरं, ठराव वा आठवणी असतील, तर आम्हाला जरूर कळवा.