वृद्धास व्यायाम खरोखरच वर्ज्य आहे काय?

सत्तरीचा रुग्ण ‘पायांत बळ नाही, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो’ असे सांगत आला की आपल्यापैकी बहुतेकांची लेखणी वातव्याधीकडे वळते. तैलाभ्यंग, एखादा गुग्गुळकल्प, अश्वगंधा चूर्ण आणि शेवटी ठरलेले वाक्य : ‘आता वय झाले, विश्रांती घ्या.’ या शेवटच्या वाक्यास आमची हरकत आहे.

त्यास आधार म्हणून अष्टांगहृदयातील दिनचर्याध्याय पुढे केला जातो. बालक व अजीर्णी यांच्या जोडीने वृद्धासही वाग्भटाने व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, हे खरेच. परंतु बलवान व स्निग्धभोजी मनुष्यानेही तो अर्ध्या शक्तीनेच करावा, असे तेथेच म्हटले आहे. सुश्रुत तर वय, बल, देश, काल व आहार पाहून व्यायाम ठरवावयास सांगतो, आणि व्यायामशील मनुष्यावर जरा एकाएकी चालून येत नाही असेही म्हणतो. हे दोन्ही एकत्र वाचल्यास निषेध अतिव्यायामाचा ठरतो, हालचालीचा नव्हे. वृद्धास खाटेवर बसविणे म्हणजे मांसक्षयास आमंत्रणच होय.

आधुनिक वैद्यक यास सार्कोपेनिया म्हणते. हे नाव १९८९ मध्ये रोझेनबर्ग यांनी दिले. १९९४ मध्ये बोस्टन येथील वृद्धाश्रमातील शंभर दुर्बल वृद्धांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७! दहा आठवडे वजनाचा भार देऊन व्यायाम केलेल्यांचे स्नायुबल दुपटीहून अधिक झाले. केवळ पूरक आहार घेतलेल्यांस तो लाभ झाला नाही. प्रोटीन पावडरचे डबे दर्शनी फळीवर मांडणाऱ्या आमच्या औषधविक्रेत्या मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. डबा विकू नये असे आम्ही म्हणत नाही. डब्याबरोबर व्यायामाचे दोन शब्द जावेत.

आहाराचेही तसेच. वृद्धांस दररोज प्रतिकिलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे २०१३ च्या तज्ज्ञगटाचे मत आहे. म्हणजे ५५ किलोच्या आजींना सुमारे ५५ ते ६६ ग्रॅम. आपल्या घरोघरच्या आजी मात्र सकाळी चहाबरोबर चार बिस्किटे आणि रात्री पातळ वरणभात यांवर दिवस काढतात. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच. दात व अग्नी दोन्ही मंद असतात, हे खरे. म्हणूनच सुंठ-जिऱ्याने दीपन करून मुगाचे घट्ट कढण, दूध, ताक, चालत असल्यास अंडे वा मांसरस, हे तिन्ही वेळांत विभागून द्यावे. वृक्कविकार असल्यास मात्र हे प्रमाण तपासणीवाचून वाढवू नये.

परीक्षेस उपकरण लागत नाही. हात छातीशी बांधून रुग्णास खुर्चीतून पाच वेळा उठवावे. १२ सेकंद वा अधिक लागल्यास आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार मांसक्षयाची शंका घ्यावी. आणि हृद्रोग वा ताजा अस्थिभंग नसल्यास तेच उठणे-बसणे, प्रारंभी आधार धरून, कपाळी घाम येईपर्यंत, चिठ्ठीवर औषधाच्या वर लिहावे.