सायकल आणि बाजारातील पत



कार्तिकी पौर्णिमेनंतर साध्वीजी महाराजांचा विहार झाला, त्या पहाटे निरोप देण्यासाठी वर्ध्यातील आपली बरीच मंडळी गावाबाहेरपर्यंत पायी गेली होती. दोन-अडीच किलोमीटर कसे सरले ते कळले नाही. सत्तरी ओलांडलेल्या श्राविकाही रांगेत होत्या. मांगलिक झाले, साध्वीजी पुढे निघाल्या आणि आम्ही परत फिरलो. तेव्हा लक्षात आले की प्रत्येक घरातील एक मुलगा स्कूटर किंवा मोटार घेऊन मागोमाग आलेला आहे. पाच मिनिटांत सारी मंडळी घरी पोहोचली. जाताना चालून आलेला रस्ता परतताना कोणालाच चालवला नाही, आणि त्यात मीही होतो.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे. रामनगरहून बाजारातील दुकान दीड किलोमीटरच्या फारसे पलीकडे नाही. मुलांच्या शाळा आणि शिकवण्या तर त्याहूनही जवळ. तरीही आपल्या समाजात सायकल दिसते ती दुकानातील नोकराची. हे अंतरामुळे झाले, असे मला वाटत नाही.

उन्हाचे कारण पुढे केले जाते आणि ते अगदीच खोटे नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. परंतु याच वर्ध्यात १९३६ नंतर गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास गेले तेव्हा महादेवभाई देसाई मगनवाडीतून रोज तेथवर पायी जात आणि पायीच परत येत. एका बाजूचे अंतर पाच मैलांहून अधिक. वर्धा-सेवाग्राम रस्त्यावर निदान पुढे झाडांची सावली होती. त्यातील कित्येक झाडे २०२० साली रुंदीकरणासाठी तोडली गेली, नागरिकांनी विरोध केला तेव्हा कुऱ्हाड थांबली. सावली गेली की सायकल जाते, हे रस्त्याचे नकाशे आखणाऱ्यांना कोणीतरी सांगावयास हवे. असो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मात्र उन्हाची सबब चालत नाही आणि त्या महिन्यांतही आपल्या सायकली जिन्याखालीच असतात.

खरे कारण मला माझ्या स्वतःच्याच आयुष्यात सापडते. नोकरीच्या पहिल्या नऊ वर्षांत मी शाखेत सायकलने जात असे. अधिकारी म्हणून बढती मिळाली त्या आठवड्यात एका वरिष्ठांनी खांद्यावर हात ठेवून सांगितले, ‘‘आता सायकल शोभत नाही.’’ सवलतीच्या व्याजाने वाहनकर्ज मिळत होतेच. महिन्याभरात स्कूटर आली. पोट सुटले ते त्यानंतर, आणि साखरेची गोळी त्याच्याही नंतर. वरिष्ठांना दोष देण्यात अर्थ नाही. माझ्याही मनात तेच होते, त्यांनी फक्त बोलून दाखविले.

व्यापारी बंधूंचे म्हणणे याहून स्पष्ट असते. एका कापड व्यापाऱ्याने मला सांगितले, ‘‘साहेब, मी उद्या सायकलवर दुकानात गेलो तर संध्याकाळपर्यंत सुरतेला बातमी जाईल की याचे काही खरे नाही.’’ तो थट्टा करीत नव्हता. बाजारात पत ही हवेसारखी असते. दिसत नाही, पण ती कमी झाली की श्वास कोंडतो. यावर मी त्याला एवढेच सांगितले की कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून देताना मी इतकी वर्षे स्टॉक स्टेटमेंट पाहिले, येणी पाहिली, खात्यातील उलाढाल पाहिली. दारात कोणते वाहन उभे आहे हे कधी विचारले नाही. दारातले वाहन पाहून ज्यांनी विश्वास टाकला, त्यांच्या वसुलीच्या कथा निराळ्या आहेत. तो हसला, पण सायकल काढली नाही. त्याच्या जागी मीही काढली नसती.

कारण एकट्याने काढलेल्या सायकलीची चर्चा होते. चाळीस जणांनी एकाच आठवड्यात काढली तर ती चर्चा चालणार नाही. आयंबिलच्या ओळीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर सोडून नऊ दिवस एकवेळ नीरस अन्न घेणे घरात एकट्याला किती अवघड वाटते! तेच आयंबिल शाळेत पंगतीला बसून पहिल्यांदा करणारा पंधरा वर्षांचा मुलगाही पार पाडतो. शेजारच्या पाटावरचा माणूस उठला नाही म्हणून आपणही उठत नाही.

युरोपातील काही देशांनी सायकलीच्या बाबतीत नेमके हेच केले आहे. डेन्मार्कमध्ये १९९७ पासून दर मे महिन्यात कामावर सायकलने जाण्याची मोहीम चालते आणि त्यात कचेऱ्यांचे संघ उतरतात. जर्मनीत २००८ पासून गावे आणि शहरे सलग २१ दिवस आपल्या नागरिकांचे सायकलीचे किलोमीटर मोजतात. स्वित्झर्लंडची पद्धत मला विशेष पटली. तेथे सहकाऱ्यांची चौकडी करायची आणि कामाच्या निदान निम्म्या दिवशी सायकल वापरायची, इतकाच नियम. कोणी किती वेगाने गेले, किती लांब गेले, हे गौण. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानाने २०२० मध्ये शहरांसाठी सायकल आव्हान जाहीर केले आणि शेजारच्या नागपूरचे नाव पुरस्कार मिळालेल्या अकरा शहरांत आले. तो सन्मान शहराचा होता. घराघरांतल्या माणसाला त्याच्याशी जोडणारा धागा मात्र चौकडीसारखाच लहान असावा लागतो.

आपल्या समाजासाठी मी किलोमीटर मोजण्याच्या विरुद्ध आहे. किलोमीटर मोजले की दोन उत्साही तरुण रविवारी पवनारच्या पुढे पन्नास किलोमीटर जाऊन येतील, ढाल घेतील आणि सोमवारी स्कूटरने दुकानात जातील. मोजायचे ते दिवस. चौकडीत एक दुकानात जाणारा, एक शाळेत जाणारा, एक गृहिणी आणि एक निवृत्त माणूस असावा. महिन्यातील बारा दिवस ज्या चौकडीतील चौघांनीही नेहमीच्या कामाला सायकल वापरली, त्यांची नावे चिठ्ठ्यांत घालावीत आणि चिठ्ठी निघेल त्यांना बक्षीस द्यावे, म्हणजे बलवानाचेच कौतुक होणार नाही. नोंद भवनातील फलकावर, खडूने. खोटी नोंद होईल या शंकेला उत्तर असे की बाजारात सर्वजण सर्वांना पाहत असतात.

महिना मार्गशीर्ष किंवा पौष धरावा, चातुर्मास नको. ओल्या रस्त्यावरील जीवजंतू हे त्याचे पहिले कारण आणि चिखल दुसरे. चार हात भूमी पाहून चालण्याची ईर्यासमिती साधूंसाठी आहे, गृहस्थाला ती तशी पाळता येणार नाही. तरी स्कूटरवरून न दिसणारी मुंग्यांची रांग सायकलवरून दिसण्याची शक्यता निदान राहते.

हिशेब मांडल्याशिवाय आपल्या वाचकांचे समाधान होत नाही, म्हणून मांडतो. दुकान दीड किलोमीटरवर, दुपारच्या जेवणाला घरी येणे धरून चार खेपा, म्हणजे दिवसाला सहा किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर दीडशे किलोमीटर, स्कूटरला सव्वातीन-साडेतीन लिटर पेट्रोल, सुमारे साडेतीनशे रुपये. ही बचत इतकी किरकोळ आहे की तिच्यासाठी कोणी सायकल चालवणार नाही आणि कोणी तसे सांगूही नये. दुसरी बाजू पाहा. ताशी बारा किलोमीटरच्या संथ गतीने हेच सहा किलोमीटर अर्ध्या तासाचे होतात. सहा दिवसांचे १८० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. गादीवर बसून दिवस काढणाऱ्या आपल्या घरांत मधुमेह किती आहे, हे पर्युषणात उपवासाआधी डॉक्टरांना विचारायला जाणाऱ्यांची संख्याच सांगते.

मात्र मला सर्वाधिक काळजी मुलांची आहे. गेल्या उन्हाळ्यात समाजातील नववीत शिकणारा एक मुलगा शिकवणीला स्कूटरने जाताना घसरून पडला. पायात सळई घालावी लागली. वडिलांच्या तोंडचे वाक्य होते, ‘‘सगळीच मुले नेतात.’’ कायदा मात्र सगळ्यांना एकत्र धरीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच. राज्य शासन मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल देते आणि त्या मुली खेड्याच्या रस्त्याने शाळा गाठतात. आमच्या मुलाला रामनगरातील सपाट डांबरी रस्ता जड जातो. त्याला सायकल घ्या म्हणणारे वडील स्वतः स्कूटरची किल्ली फिरवीत उभे असतात, म्हणून चौकडीत बाप आणि मुलगा एकत्र असावेत, असा माझा आग्रह आहे.

ही कल्पना मी भवनाच्या विश्वस्तांपुढे मांडली आहे. फलकाला त्यांनी होकार दिला. बक्षिसाचे पाहू म्हणाले. माझी जुनी सायकल दुरुस्तीला दिली, दोन्ही टायर, ट्यूब आणि सीट बदलावी लागली. माझ्या चौकडीत नात आणि सूनबाई आल्या आहेत. चौथे नाव त्या कापड व्यापाऱ्याचे असावे म्हणून मागच्या आठवड्यात त्याच्या दुकानात जाऊन आलो. तो म्हणाला, ‘‘विचार करून सांगतो.’’ हप्त्याची आठवण केली की पूर्वीही तो हेच म्हणे, आणि हप्ता कधी चुकला नाही.