पासवर्ड बदला, नाहीतर वायर काढा

हा इशारा सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आहे, दुकानदारांना आणि गोदामवाल्यांना आहे, बाल्कनीत कॅमेरा लावून निर्धास्त झोपणाऱ्या प्रत्येक घरमालकाला आहे. तुमचा कॅमेरा इंटरनेटला जोडलेला असेल आणि बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड आजही तसाच असेल, तर युद्धाच्या दिवशी तो कॅमेरा शत्रूच्या कामाला लागू शकतो. कीवमध्ये नेमके हेच घडले.

२ जानेवारी २०२४ रोजी रशियाने कीव आणि खार्किववर शंभराच्या आसपास क्षेपणास्त्रे डागली. त्याच दिवशी युक्रेनच्या सुरक्षा सेवेने जाहीर केले की कीवमधील दोन साधे कॅमेरे रशियन हेरांनी ताब्यात घेतले होते. एक होता निवासी इमारतीच्या बाल्कनीत. आसपासच्या परिसरावर लक्ष ठेवण्यासाठी रहिवाशांच्या संघाने तो लावला होता. दुसरा एका वसाहतीत, पार्किंगमधल्या गाड्यांसाठी. बाल्कनीतल्या कॅमेऱ्याचा कोन दुरूनच फिरवण्यात आला आणि त्याचे चित्रण थेट यूट्यूबवर सोडण्यात आले. शहराची हवाई संरक्षण यंत्रणा कशी काम करते आणि महत्त्वाची ठिकाणे कुठे आहेत, हे त्यातून टिपले जात होते. लावणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. त्याने काही फरक पडला नाही.

क्षेपणास्त्र सोडणाऱ्याला सर्वांत जास्त हवी असते ती एकच माहिती: नेम लागला का? उपग्रह सतत डोक्यावर नसतो, आणि ढग आले की बहुतेक उपग्रहांना खालचे दिसत नाही. गल्लीतला कॅमेरा मात्र जागचा हलत नाही, अंधारातही पाहतो आणि चित्राच्या कोपऱ्यात तारीख-वेळ सेकंदासकट छापून देतो. वीज उपकेंद्र पेटले की वाचले, पुलावरून लष्करी गाड्या कुठल्या दिशेला गेल्या, बचाव पथक कुठे जमले आहे, हे पाहून दुसरा मारा ठरवता येतो. आणि दुसऱ्या माऱ्यात मदतीला धावलेली माणसे मरतात.

हा एखाद-दुसरा प्रकार म्हणून सोडून देण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०२२ पासून त्या दिवसापर्यंत युक्रेनने असे सुमारे १०,००० कॅमेरे बंद पाडले होते. मे २०२५ मध्ये अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि इतर देशांच्या यंत्रणांनी मिळून इशारा दिला की रशियन लष्करी गुप्तचर विभागाने सीमानाके, रेल्वे स्थानके आणि लष्करी ठाण्यांजवळच्या १०,००० हून अधिक कॅमेऱ्यांना लक्ष्य केले. त्यातले सुमारे ८० टक्के युक्रेनमध्ये, बाकीचे बहुतेक रोमानिया, पोलंड अशा शेजारी देशांत. युक्रेनला जाणारा मदतीचा माल कुठून कुठे जातो हे त्यांना पाहायचे होते. कॅमेऱ्यांत शिरण्यासाठी कारखान्यातून आलेले पासवर्डसुद्धा लावून पाहिले जात होते. खुद्द रशियालाही हा धसका बसला. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनचे सैन्य कुर्स्कमध्ये घुसले, तेव्हा रशियाच्या गृह मंत्रालयाने कुर्स्क, ब्रायन्स्क आणि बेल्गोरोदच्या नागरिकांना इंटरनेटवरचे कॅमेरे वापरू नका असे बजावले.

मुंबईकरांना तरी हे समजावून सांगावे लागू नये. २६/११ ला कराचीत बसलेले सूत्रधार आपल्याच वाहिन्यांवरचे थेट प्रक्षेपण पाहून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात वाहिन्यांवर त्याबद्दल कठोर ताशेरे ओढले. पुढे नियम झाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारने पुन्हा सूचना काढली की लष्करी हालचाली थेट दाखवू नयेत. वाहिन्यांना आदेश देता येतो. तुमच्या गेटवरच्या कॅमेऱ्याला आदेश देणारे फक्त तुम्हीच आहात.

आता आपल्या वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन बघा. फळीवर धूळ खात पडलेला डीव्हीआर, त्यावर चिकटपट्टीने लावलेला कागद, कागदावर बॉलपेनने लिहिलेले ‘ॲडमिन’ आणि पुढे एक ते सहा आकडे. ॲप मागच्या कमिटीच्या सगळ्यांच्या मोबाइलवर अजून चालू. बसवणारा वायरमन राऊटरमध्ये बाहेरून यायची वाट उघडी ठेवून गेला, ती कोणी तपासलेली नाही. तुम्हाला शोधत कोणी येत नाही. इंटरनेटवरचा एकेक पत्ता ठोठावत जाणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात आणि उघडे दार त्यांना सापडतेच. एप्रिल २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या कॅमेऱ्यांची सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, पण तुमच्या भिंतीवर आधीच टांगलेल्या कॅमेऱ्याला त्याचा उपयोग नाही.

म्हणून आठ दिवस. त्याहून जास्त लागण्यासारखे यात काही नाही. प्रत्येक उपकरणाचा पासवर्ड बदला, लांबलचक आणि वेगवेगळा ठेवा. जुन्या सभासदांची खाती काढून टाका. राऊटरमधली ती वाट बंद करून घ्या, वायरमनकडून तसे लेखी घ्या, आणि ते मिळेपर्यंत त्याचे बिल देऊ नका. कंपनीकडून अपडेट येणे थांबलेला कॅमेरा इंटरनेटवर ठेवू नका. कुलाबा, लोहगाव, देवळाली किंवा दाबोळीसारख्या ठिकाणी, लष्करी भिंतीच्या शेजारी राहणाऱ्यांनी कॅमेऱ्याचे तोंड आजच आपल्या गेटकडे आणि जिन्याकडे वळवावे. भिंतीपलीकडचे दृश्य तुमच्या कामाचे नाही.

कमिटी ऐकत नसेल तर सभासदांनी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींना उभे करून जाब विचारावा. ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय’ हे उत्तर यापुढे कोणी ऐकून घेऊ नये.

नवव्या दिवशी पासवर्ड तोच असेल, तर डीव्हीआरमधून राऊटरची वायर काढून टाका. रेकॉर्डिंग त्याच्या हार्ड डिस्कवर तरीही होत राहते.